चहाच्या रंगाचं स्वयंपाकघर

झावेन टेरझियन वारला तेव्हा पेपरात त्याच्यावर अर्धं पान आलं होतं. कुठले सिनेमे केले, बक्षिसाचा सोन्याचा पुतळा कुठल्या वर्षी मिळाला, कोणकोणत्या नट्या त्याच्याशिवाय दुसऱ्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहायला तयार नसत, सगळं होतं. वर मथळा, ‘सावल्यांचा सम्राट’. बर्बँकच्या आमच्या नेहमीच्या कॉफीच्या दुकानात बसून मी ते वाचलं आणि एकटाच हसलो. सम्राट कसला? एक खटारा स्टेशन वॅगन, बायकोच्या हातचा डबा, आणि कमरेला एकच पट्टा, तोही मी कधीतरी वैतागून दिलेला, कारण शिडीवर चढताना त्याची पॅंट घसरायची.

मी ड्वाइट प्रुइट, झावेनचा दिवेवाला. आमच्या धंद्यात गॅफर म्हणतात. कॅमेरामनने नुसतं म्हणायचं, इथे सकाळ पाहिजे, आणि गॅफरने वायरी ओढून, दिवे चढवून सकाळ उभी करून द्यायची. नाव कॅमेरामनचं होतं, भाजलेली बोटं आमची राहतात. तक्रार नाही. उभी हयात मी या एकाच माणसाबरोबर काढली. माझ्या दोन बायका मला सोडून गेल्या, झावेन नाही गेला.

तो फ्रेस्नोच्या पलीकडचा, फाउलर गावचा. घरची द्राक्षबाग होती. ऑगस्ट उतरला की घड कापून वेलींच्या ओळींमध्ये कागदावर पसरायचे, उन्हात वाळू द्यायचे, मध्येच उलटायचे. बेदाणा वाळेपर्यंत पाऊस आला की वर्ष गेलं. त्यामुळे या माणसाची मान लहानपणापासून वर. ढग कुठून येतोय, ऊन किती वेळ टिकेल, हे त्याला घड्याळात बघावं लागत नसे. मी त्याला ‘बेदाण्या’ म्हणायचो. माझे आईबाप धुळीच्या वादळांच्या वर्षांत ओक्लाहोमाहून पाठीवर बिऱ्हाड घेऊन बेकर्सफील्डला आलेले, म्हणून तो मला ‘ओकी’ म्हणायचा. आमच्या खोऱ्यात या हिणवायच्या शब्दावरून माणसं एकमेकांची डोकी फोडत. आमचं त्यावरच जमलं.

त्या काळी कॅमेऱ्याच्या खात्यात शिरायला काका नाहीतर बाप आत असावा लागे. झावेनचा काका बेदाणे विकत होता. तेव्हा त्याने पेट्या उचलल्या, अंधाऱ्या खोलीत बसून चाचपडत फिल्म भरली, मग वर्षानुवर्षं फीत हातात घेऊन नटाच्या नाकापासून काचेपर्यंतचं अंतर मोजलं. कॅमेऱ्याला स्वतःचा डोळा लावायची परवानगी मिळाली तोवर डोक्यावरचे केस विरळ झाले होते. तो म्हणायचा, ‘‘बरं झालं. तोवर बघायला शिकलो.’’

त्याची कामाची रीत विचित्र होती. मी तासभर खपून दिवे लावायचे, आणि त्याने यायचं, एक चक्कर मारायची, आणि म्हणायचं, ‘‘तो विझव. तोही विझव. तो कशाला लावलाय, तुझ्या आजीच्या वाढदिवसाला?’’ विझवता विझवता दोनच उरले की तो खूश. मी म्हणायचो, ‘‘बेदाण्या, आधी सांगितलं असतंस तर माझी दिव्यांवरची पोरं घरी झोपली असती.’’ त्यावर तो शांतपणे म्हणायचा, ‘‘काय विझवायचं ते लावल्याशिवाय कसं कळणार?’’ याला उत्तर नसतं. मी शोधलं बरेच दिवस.

पुतळा मिळाला तो ‘टुलारी रोड’ या सिनेमाला. गोष्ट आमच्या खोऱ्यातलीच. एका बेदाणेवाल्याची विधवा, तिची बाग बँकेकडे चाललेली. त्यातला सगळ्यात मोठा प्रसंग स्वयंपाकघरातला. बाई संध्याकाळी एकटी टेबलाशी बसलीय, बोलत नाही, काही करत नाही. झावेनला तिथे उजेड हवा होता तो त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातला, आणि तो काही केल्या येईना. रंगीत कागद लावले तर मिठाईचं दुकान वाटे. नुसता बल्ब लावला तर पोलीस ठाणं.

सिरान, त्याची बायको, तेव्हा शूटिंगला आमच्याबरोबर होती. उंच, ठसठशीत, आवाज असा की मैदानापलीकडचा जनरेटरवाला वळून बघेल. आम्हा सगळ्यांना तिच्या हातचं बोरेग, म्हणजे चीज भरलेली खारी, खाऊन मूळचं कॅन्टीन नकोसं झालं होतं. मला ती ‘ड्वाइट जान’ म्हणायची, त्यांच्या आर्मेनियन लोकांत प्रेमाने असं म्हणतात. नवऱ्याची घालमेल तिने दोन दिवस पाहिली. तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून मांजरपाटाचा मोठा तुकडा मागून घेतला, मोठ्या पातेल्यात चहा उकळला आणि कापड त्यात बुडवलं. वाळल्यावर आम्ही ते चौकटीला ताणलं आणि दिव्याचा उजेड त्याच्यावर मारून बाईच्या तोंडावर घेतला.

झावेन बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘अजून जरा कडक.’’

सिरान म्हणाली, ‘‘साखर किती घालू, तेही सांग.’’

तिने आणखी दोनदा चहा उकळला. तिसऱ्या कापडाला झावेन काही बोलला नाही, आणि तो बोलला नाही म्हणजे झालं हे आम्हाला ठाऊक होतं. पडद्यावर त्या बाईचा चेहरा दिसला तेव्हा मी बेकर्सफील्डला आमच्या खोपटात माझ्या आईसमोर बसलेला होतो. खोटं नाही सांगत. कंपनीवाले म्हणाले, फार अंधार आहे, लोकांना दिसणार नाही. लोकांना दिसलं.

पुतळा घ्यायला गेला तेव्हा व्यासपीठावर याची बोबडी वळली. फिल्म धुणाऱ्यांचे आभार मानले, माझे मानले, आणि मग म्हणाला, ‘‘आणि माझी बायको सिरान, तिच्या चहासाठी.’’ पुढे काही नाही, आला खाली. सिरान घरी येईपर्यंत फुगलेली. ‘‘सगळ्या जगाला वाटलं मी चहा करणारी बाई आहे.’’ पुढची कित्येक वर्षं पाहुणे आले की ती चहाचा कप झावेनसमोर आदळायची आणि म्हणायची, ‘‘घ्या, बक्षीसवाला चहा.’’

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. पहाटे अंधारात ट्रक लागायचे. कोळशाच्या कांड्यांचे जुने मोठे विजेचे दिवे पेटताना तडतड आवाज यायचा, त्यांचा करपट वास कपड्यांत घरापर्यंत यायचा. कोणीतरी अंडी तळत असायचं. झावेन हातात कागदी कप धरून मान वर करून उभा, आणि मी त्याच्या शेजारी. आता ते दिवेही गेले आणि फिल्मही गेली. हल्ली पोरं टेलिफोनवर उजेड मोजतात. चांगलं काम करतात, मी नाही म्हणत नाही. पण वास नाही कशाला.

आता आमच्यातली एक खोड सांगितली पाहिजे. कॅमेरामन डोळे तपासून घेत नाही. पायाला लागलं, पाठ गेली, सगळं चारचौघांत सांगेल, पण डोळ्याच्या डॉक्टरच्या दारात त्याला कोणी पाहिलं की दुसऱ्या दिवशी गावभर बोभाटा आणि तिसऱ्या दिवशी काम दुसऱ्याला. शिवाय कॅमेऱ्यात डोळा लावायच्या भिंगाला एक कडी असते, ती आपल्या नजरेप्रमाणे फिरवून घेता येते. कडी फिरत जाते, माणूस म्हणतो माझं झकास चाललंय. निवृत्त झाल्यावरसुद्धा ही सवय सुटत नाही. झावेनची तर नाहीच सुटली.

सिरान गेली त्या वर्षी मी हिवाळाभर लेकीकडे ओरेगनला होतो. परत आलो आणि सामान टाकून थेट त्यांच्याकडे गेलो. भर दुपार. सिरानने दार उघडलं आणि मी पायरीवरच थबकलो. तिच्या डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं होतं, हळदीसारखं. तोंडावरही तीच कळा. ती आपली नेहमीसारखी, ‘‘ड्वाइट जान, वाळलास किती, लेक उपाशी ठेवते का?’’

मी झावेनला बाजूला घेतलं. ‘‘अरे, हिच्या डोळ्यांकडे बघितलंस का?’’

‘‘काय झालं?’’

‘‘पिवळी पडलीय ती.’’

तो बाहेर आला. त्याने तिची हनुवटी धरली, तोंड उन्हाकडे वळवलं आणि बघितलं. ती म्हणाली, ‘‘काय रे, या वयात क्लोजअप?’’ त्याने सोडून दिलं आणि मला म्हणाला, ‘‘मला तर रोजच्यासारखीच दिसते.’’

मीच दुसऱ्या दिवशी दोघांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. पोटात खोल काहीतरी वाढलं होतं, त्याने पित्ताची वाट अडवली होती. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असता तर निदान प्रयत्न तरी करता आला असता. जर्दाळूची झाडं फुलली आणि ती गेली.

मातीला सगळे जमले होते. जेवणाच्या टेबलावर सिरानची धाकटी बहीण व्हर्जीन सगळ्यांसमोर म्हणाली, ‘‘दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जगाला बघायला शिकवलं, आणि घरातली बाई डोळ्यांदेखत पिवळी पडली ती दिसली नाही.’’ कोणी तिला गप्प केलं नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर मलाही त्याचा रागच आला होता. पन्नास वर्षं झाली की माणूस बायकोकडे बघायचं सोडून देतो, तसाच हाही, असं मला वाटलं.

झावेनने वाद घातला नाही. त्याने ते मान्य करून टाकलं. पुढे कधीही विषय निघाला की तो एकच वाक्य म्हणे, ‘‘मी तिच्याकडे बघतच नव्हतो.’’ हे तो असं म्हणे, जसं कोणी आपलं गाव सांगावं. सिनेमा बघणं त्याने बंद केलं. शिकवायला बोलवायचे, तो म्हणे, ‘‘मी काय शिकवणार बघायला?’’

मग कंपनीने ‘टुलारी रोड’ची नवी प्रत काढायला घेतली. जुनी फिल्म साफ करायची, रंग नीट करायचे, आणि यापुढे जगात कुठेही सिनेमा दिसेल तो याच प्रतीवरून. झावेन नाहीच म्हणाला होता. पण स्वयंपाकघराचा प्रसंग ते आपल्या मनाने उजळतील अशी कुणकुण लागली आणि हा दाढी करून, टोपी घालून रंगाच्या खोलीत हजर. सिरानचा तेवढाच उजेड उरलाय, असं मला म्हणाला. मला आनंद झाला. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. ‘‘ओकी, जुन्या प्रतीवर वर्षांचा पिवळा मळ चढलाय. सगळा उतरवतोय.’’

एका रविवारी इव्हॉन मात्सुदा माझ्याकडे आली. रंगाच्या यंत्रावर तीच बसते. पन्नाशीची, शांत, या कामात मुरलेली बाई. कॉफीला हात न लावता तिने विचारलं.

‘‘मिस्टर प्रुइट, त्या स्वयंपाकघराचा रंग तुम्हाला आठवतो?’’

‘‘दुधाशिवायच्या चहाचा. का?’’

‘‘आता ते ऑपरेशनच्या खोलीसारखं झालंय. निळं. ते म्हणतात अजून पिवळं काढा, मी काढते. आधी मलाही वाटलं, मळ असेल. पण मळ कधीच संपला. शुक्रवारी ते सही करतील आणि मग हेच राहील.’’

‘‘मग सांग की त्याला.’’

‘‘त्या खोलीत कॅमेरामनचा शब्द शेवटचा. आणि टेरझियनना मी सांगू, तुमचा डोळा चुकतोय म्हणून?’’

म्हणजे ते मीच सांगायचं. मला रात्रभर... नको, माझं राहू दे. सकाळी गेलो. त्याने छोट्या भांड्यात त्यांची ती दाट कॉफी केली. मी आडवळणाने बोलायचा माणूस नाही.

‘‘झावेन, डोळे दाखव डॉक्टरला. स्वयंपाकघर निळं झालंय.’’

‘‘कोण म्हणतं?’’

‘‘मी म्हणतो.’’

‘‘तू बघितलंस? तू तुझ्या वायरी सांभाळ. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांवर जेवलास तू.’’

हे लागलं. त्याच्या टेलिफोनजवळ पिवळ्या कागदांची वही होती. तिचा एक कागद मी फाडला, शेजारच्या गठ्ठ्यातला एक कोरा पांढरा घेतला आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवले. ‘‘पांढरा कुठला ते सांग.’’

तो हसला. मग खाली बघितलं. कागद खिडकीकडे सरकवला, परत जवळ घेतला. शेवटी एकावर बोट ठेवलं. बरोबर ठेवलं. पण वेळ लागला, आणि वेळ लागला हे आम्हा दोघांनाही कळलं.

‘‘निघ तू,’’ तो म्हणाला.

मी निघालो. बायको गेली, आता याचा डोळाही मी काढून घेतला, असं वाटून गाडीत बराच वेळ किल्ली फिरवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. ‘‘तुझी गाडी रिकामी आहे का?’’

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू आहे, आतलं भिंग जुन्या व्हार्निशसारखं पिवळं पडलंय. हे वर्षानुवर्षं हळूहळू चढतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. आधी एक डोळा करू, मग दुसरा. येताना गाडीत झावेनने शुक्रवार किती दिवसांवर आलाय ते बोटांवर मोजलं. त्याच्या मनात तेव्हा सिनेमाच होता, हे मला ठाऊक आहे. इव्हॉनने कंपनीकडून कशीबशी मुदत मागून घेतली.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्याला गाडी चालवायची मनाई, म्हणून मीच त्याला रंगाच्या खोलीत घेऊन गेलो. दिवेवाल्याला त्या खोलीत कोणी बोलवत नाही. मी पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होतो. मागच्या खुर्चीत जाऊन बसलो.

इव्हॉनने पडद्यावर स्वयंपाकघर आणलं. बाई टेबलाशी, भिंत निळसर, तोंड मेलेल्या माणसाचं.

‘‘हे कोणी केलं?’’ झावेन म्हणाला.

इव्हॉनने यंत्रावरचे हात खाली घेतले. मग हळू म्हणाली, ‘‘तुम्ही.’’

त्याने नव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि जुन्याने बघितलं. मग हात बदलला. असं त्याने किती वेळा केलं कोण जाणे. मग म्हणाला, ‘‘जुनी प्रत शेजारी लाव.’’ तिने लावली. पडद्यावर आता दोन स्वयंपाकघरं. डावीकडे निळं. उजवीकडे सिरानच्या चहाचं.

झावेनने पुन्हा नवा डोळा झाकला.

‘‘जुन्या डोळ्याने दोन्हींत मला फारसा फरकच दिसत नाही,’’ तो म्हणाला. हात त्याने काढला नाही. तसाच झाकलेला ठेवून तो पडद्याकडे बघत बसला. इव्हॉनने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं हा सिनेमाचाच विचार करतोय, किती काम वाया गेलं याचा.

‘‘ड्वाइट.’’ मला तो सहसा नावाने हाक मारत नसे. ‘‘तू ओरेगनहून आलास त्या दिवशी दारात. किती पिवळी होती ती?’’

‘‘बरीच.’’

‘‘अशी?’’ त्याने उजव्या चित्राकडे बोट केलं.

‘‘याहून जास्त.’’

‘‘मी बघितलं होतं ना तेव्हा? तू सांगितल्यावर?’’

‘‘बघितलंस की. हनुवटी धरून, उन्हाकडे वळवून बघितलंस.’’

‘‘नीट?’’

‘‘नीट बघितलंस, झावेन. मी तिथेच होतो.’’

त्याने हात खाली घेतला. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नव्याही आणि जुन्याही.

‘‘मग मी बघत होतो,’’ तो म्हणाला. ‘‘रोज बघत होतो मी तिच्याकडे.’’

बिचाऱ्या इव्हॉनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने विचारलं, पिवळं परत भरायला घेऊ का. मी म्हणालो, थांब जरा, बसू दे त्याला.